लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, पुढे काय? कोल्हापूर भागातल्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या तपासणी पथकांमुळे जन्मजात हृदयदोष असलेली मुलं वेळेत सापडू लागली. करवीर, कागल, शाहूवाडी, गडहिंग्लजकडच्या खेड्यांतली मुलं मोठ्या शहरांत जाऊन ऑपरेशन करून आली. या कार्यक्रमाची वयोमर्यादा १८ वर्षं आहे. सुरुवातीच्या वर्षांत ऑपरेशन झालेली मुलं आता ती ओलांडताहेत आणि नेमकी याच वयात तपासणी सुटते. मुलगा एमआयडीसीत कामाला लागतो, मुलीचं लग्न ठरतं, बालरोगतज्ज्ञ म्हणतात आता मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि कुणी कुठे जातच नाही. तब्येत ठणठणीत असते, मग कशाला जायचं, असा सगळ्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब चुकतो, कारण ऑपरेशन सगळ्यांचं सारखं नसतं. काही दोष एकदा बंद केले की जवळजवळ संपतात. काहींत ऑपरेशन जीव वाचवतं, पण मागे एखादी गळकी झडप, अरुंद राहिलेली नळी किंवा टाक्यांचा व्रण राहतो आणि त्याचा त्रास पंधरा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे कळायला ऑपरेशनचं नाव माहीत हवं. "काळजाला भोक होतं, बुजवलं" एवढ्यावर कुठलाच डॉक्टर पुढचं ठरवू शकत नाही.

आधी फाईल

घरातल्या ट्रंकेतून, कपाटातून जे काही कागद आहेत ते एकत्र काढा. त्यातले पाच कागद सगळ्यांत महत्त्वाचे: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा इको, ऑपरेशननंतरचा ईसीजी, आणि काही बसवलं असेल तर त्याचं कार्ड. बसवलेलं म्हणजे कृत्रिम झडप, छिद्र बंद करायचं बटण, स्टेंट किंवा पेसमेकर. त्या कार्डावर कंपनी, मॉडेल, मापाचा आकडा आणि अनुक्रमांक असतो. पुढे एमआरआय करायची वेळ आली की हेच कार्ड आधी विचारतात. छातीच्या हाडाला घातलेल्या तारांमुळे आणि बहुतेक बटणांमुळे एमआरआय अडत नाही, पण पेसमेकर कोणता आहे हे बघितल्याशिवाय मशीनमध्ये घेत नाहीत.

डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोट बऱ्याचदा घरी दिलेलीच नसते. पॅच (छिद्रावर शिवलेला तुकडा) कशाचा लावला, झडपेच्या कडेला चीर दिली का, हृदयाच्या धमन्या कुठून निघत होत्या, हे सगळं फक्त तिच्यात असतं. जिथे ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नोंदणी क्रमांक आणि ऑपरेशनची तारीख देऊन लेखी अर्ज करा. जितकी वर्षं उलटतात तितके जुने कागद मिळणं अवघड होतं, तेव्हा हे काम पुढच्या चकरेवर टाकू नका.

मग एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा: नाव, जन्मतारीख, रक्तगट, मूळ दोष, ऑपरेशनचं नाव आणि वर्ष, मागे काय राहिलंय, चालू औषधं मिलीग्रॅमसह, कशाची ॲलर्जी, नेहमीचं ऑक्सिजनचं प्रमाण, नेहमीचं ब्लडप्रेशर कोणत्या हातात, दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं का. या पानाचा आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू दे. टेट्रालॉजी ऑफ फॅलो किंवा व्हीएसडीच्या (हे दोष पुढे समजावलेत) ऑपरेशननंतर ईसीजीवर उजव्या बाजूचा बंडल ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या वीजवहनाचा अडथळा, बऱ्याचदा कायमचा दिसतो. जुना ईसीजी हाताशी नसला की नवीन डॉक्टरला तो आत्ताच झालेला बिघाड वाटू शकतो.

कागद वरच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेच्या काठच्या घरांना याचं कारण सांगायला नको. त्या दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याची वाट बंद झाली होती. त्यामुळे जून संपायच्या आत महिन्या-दीड महिन्याच्या गोळ्या घरात असाव्यात आणि पुण्या-मुंबईची ठरलेली तपासणी शक्यतो पावसाळ्याआधी उरकावी.

कोणत्या ऑपरेशननंतर कशावर नजर ठेवायची

पीडीए, म्हणजे दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली उघडी राहिलेली नळी. ती बांधली किंवा बटणाने बंद केली, सहा महिन्यांनंतरच्या इकोत गळती नाही आणि फुप्फुसातला दाब नॉर्मल आहे, तर विषय जवळपास संपला. दर पाच वर्षांनी एकदा दाखवलं तरी पुरतं.

एएसडी, वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, लहानपणी बंद झालं असेल तर आयुर्मान इतरांसारखंच असतं. दर तीन ते पाच वर्षांनी ईसीजी आणि इको करावा. चाळिशीनंतर ऑपरेशन झालेल्यांची गोष्ट वेगळी: वरचा कप्पा कित्येक वर्षं ताणलेला असतो, म्हणून छिद्र बुजल्यावरही नाडी अनियमित होण्याचा धोका राहतो आणि त्यातून लकवा येऊ शकतो. त्यांनी वर्षातून एकदा जावं, आणि धडधड जाणवली तर लगेच. बटण बसवलेल्यांना साधारण सहा महिने ॲस्पिरिन देतात. बटण घासून हृदयाची भिंत फाटणं फार क्वचित होतं, पण बटण असलेल्या माणसाला अचानक छातीत दुखून घेरी आली तर इको त्याच दिवशी झाला पाहिजे.

व्हीएसडी, खालच्या कप्प्यांमधलं छिद्र. पॅचच्या कडेला बारीक गळती राहणं नेहमीचं आहे; ती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप बंद होते. बघायच्या गोष्टी तीन. पहिली, फुप्फुसातला दाब. मोठं छिद्र उशिरा बंद झालं असेल तर तो वाढलेलाच राहू शकतो. दुसरी, महाधमनीची झडप गळायला लागली आहे का. छिद्र त्या झडपेच्या लगत असेल तर हे होतं. तिसरी, हृदयातली वीजवहनाची वाट. ती पॅचच्या अगदी काठाने जाते, म्हणून क्वचित बऱ्याच वर्षांनीही हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे वीज अडून नाडी मंदावते. नाडी मिनिटाला ४५-५० पर्यंत उतरली आणि चक्कर येत असेल तर ते अशक्तपणाचं लक्षण समजून टॉनिक घेऊ नका, ईसीजी काढा.

कोआर्क्टेशन, म्हणजे महाधमनी अरुंद असणं. यात ऑपरेशन कितीही छान झालं तरी ब्लडप्रेशर वाढण्याचा धोका आयुष्यभर राहतो आणि तो तरुणपणीच येतो. मोजायची पद्धत महत्त्वाची आहे. उजव्या हातात मोजा, कारण काही ऑपरेशनांत डाव्या हाताचीच धमनी वापरलेली असते आणि त्या हातातला आकडा खोटा कमी येतो. मग पायात मोजा. हाताचा वरचा आकडा पायापेक्षा २० किंवा जास्त असेल तर नळी पुन्हा अरुंद झाल्याची शंका घ्यायची. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. दर तीन ते पाच वर्षांनी महाधमनीचा एमआरआय किंवा सीटी लागतो, कारण टाक्यांच्या जागी फुगा येऊ शकतो आणि तो साध्या इकोत नीट दिसत नाही. यातल्या बऱ्याच जणांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, तीही बघायची.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो, फाईलवर टीओएफ लिहिलेलं असतं. निळ्या पडणाऱ्या मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा दोष. पूर्ण दुरुस्ती पहिल्यांदा १९५४ मध्ये झाली, म्हणून पुढे काय होतं याचा अनुभव जगाकडे भरपूर आहे. बहुतेक मुलं मोठी होतात, शिकतात, कामाला लागतात. पण फुप्फुसाकडची अरुंद वाट मोठी करताना तिथली झडप बहुधा कापावी लागते आणि ती पुढे गळत राहते. दर ठोक्याला थोडं रक्त उजव्या कप्प्यात परत येतं. वीस वर्षं काहीच त्रास होत नाही, कप्पा मात्र आतून ताणत जातो.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती इकोच्या रिपोर्टमुळे. रिपोर्टवर "ईएफ ६० टक्के, नॉर्मल" वाचून सगळे निर्धास्त होतात. ईएफ म्हणजे कप्प्याचा जोर, आणि तो आकडा डाव्या कप्प्याचा आहे. टीओएफमध्ये बिघडतो तो उजवा कप्पा. तो छातीच्या हाडामागे, चंद्रकोरीच्या आकाराचा असल्याने इकोत पूर्ण सापडत नाही. म्हणून इको सांगताना आधीच म्हणा: उजव्या कप्प्याचा आकार आणि जोर, फुप्फुसाच्या झडपेची गळती किती, तिथला दाबातला फरक, फुप्फुसाच्या धमनीच्या दोन्ही शाखांची रुंदी, पॅचजवळ गळती, महाधमनीच्या मुळाचं माप, हे सगळं रिपोर्टमध्ये लिहून पाहिजे. ईसीजी आणि इको दरवर्षी. हृदयाचा एमआरआय साधारण दहा-बारा वर्षांच्या वयापासून दर दोन-तीन वर्षांनी. लहान वयात त्यासाठी भूल लागते.

एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात देतात. कप्पा भरलेला असताना १६० किंवा आकुंचन पावल्यावर ८० मिलीलिटर प्रति चौरस मीटरच्या पुढे गेला, आणि सोबत दम कमी होणं किंवा कप्प्याचा जोर घटणं दिसलं, की नवीन झडप बसवायचा विचार सुरू होतो. फार उशीर केला तर झडप बदलूनही कप्पा पूर्ववत होत नाही. फार लवकर केली तर प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजून पुन्हा बदलावी लागते. वेळ साधण्यासाठीच ही तपासणी असते. ईसीजीवरच्या क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांतून वीज जातानाच्या लाटेची) रुंदी १८० मिलीसेकंदांच्या पुढे गेली तर धोकादायक लय येण्याची भीती वाढते. तो आकडा ईसीजीच्या कागदावर वरच छापलेला असतो, दरवर्षी एका वहीत उतरवून ठेवा.

एक गैरसमज वेगळा सांगायला हवा. काही निळ्या मुलांना आधी फक्त बीटी शंट घातलेला असतो, म्हणजे फुप्फुसाला रक्त पुरवायची एक तात्पुरती नळी. ओठ गुलाबी झाले की घरच्यांना वाटतं, झालं ऑपरेशन. ती पहिली पायरी असते. पुढचं ऑपरेशन कधी, हे ठरवूनच घ्या. शंट असलेल्या मुलाला उलट्या-जुलाब झाले तर रक्त घट्ट होऊन नळी बंद पडू शकते, म्हणून घरी लिंबू-सरबतावर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. ज्या बाजूला शंट आहे त्या हातात ब्लडप्रेशर मोजत नाहीत.

महाधमन्यांची अदलाबदल असलेल्या मुलांत आर्टेरिअल स्विच झालं असेल तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्या उचलून नव्या जागी बसवलेल्या असतात. बहुतेकांचं छान चालतं. पण वर्षातून एकदा दाखवावं, आणि तरुणपणी छातीत दुखलं तरी ते ॲसिडिटीवर ढकलू नये. याच दोषासाठीची जुनी ऑपरेशनं, सेनिंग किंवा मस्टर्ड, झालेल्यांत उजवा कप्पाच सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. तो तिशी-चाळिशीत थकतो, लयही बिघडते. त्यांनी जन्मजात दोषांच्या तज्ज्ञाची साथ कधीच सोडू नये.

फाँटान. एकच पंप काम करतो अशा हृदयासाठीचं हे ऑपरेशन, पहिलं १९६८ मध्ये झालं. शरीरातलं निळं रक्त पंपाविना थेट फुप्फुसात जातं. त्यासाठी नसांमधला दाब कायम वाढलेला लागतो आणि त्याचा भार यकृतावर पडतो. म्हणून इकोबरोबर यकृताची सोनोग्राफी, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), प्लेटलेट्स, यकृताच्या रक्तचाचण्या यांचंही वेळापत्रक हवं. पाय सुजणं, पोट फुगणं आणि सतत पातळ जुलाब एकत्र दिसले तर आतड्यातून प्रथिनं गळताहेत का ते बघायचं. अल्ब्युमिन उतरलेलं असतं. खोकल्यातून चिकट, नळीच्या आकाराचे गोळे पडले तर तेही लगेच सांगायचं. पाणी कमी पडणं यांना सोसत नाही: चैत्रातली जोतिबाची यात्रा, भर उन्हात डोंगर चढणं आणि दिवसभर उपास, हे एकत्र करू नका. सलाईन लावायची वेळ आली तर नळीत हवेचा बुडबुडा जाऊ नये हे नर्सला आवर्जून सांगा. फाँटानमध्ये ठेवलेल्या छिद्रातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. हीच काळजी अजून निळ्या असलेल्या प्रत्येक रुग्णाची.

ताप आला तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. पॅच, कृत्रिम झडप, गळती किंवा शंट असलेल्या हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. सुरुवात साध्या तापासारखी: बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, वजन उतरणं. गल्लीतल्या दवाखान्यात पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळतं, ताप उतरतो, औषध संपलं की परत चढतो. नुकसान यात होतं. रक्तात जंतू शोधायची कल्चर तपासणी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसनंतर बऱ्याचदा कोरी येते आणि मग कोणतं औषध द्यायचं ते कळत नाही. खऱ्या संसर्गाला शिरेतून चार ते सहा आठवडे औषध लागतं, पाच दिवसांच्या गोळ्यांनी तो फक्त झाकला जातो.

म्हणून नियम असा: सर्दी-खोकला, लघवीची जळजळ असं स्पष्ट कारण नसताना दोन-तीन दिवस ताप राहिला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर. वेगवेगळ्या शिरांतून, तीन वेळा घेतलेलं. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "हृदयाचं ऑपरेशन झालंय, आधी कल्चर घेऊया." कृत्रिम झडप असेल तर दोन-तीन दिवससुद्धा थांबू नका.

जंतू सर्वांत जास्त तोंडातून येतात. दिवसातून दोनदा ब्रश, सहा महिन्यांनी दंतवैद्य. मिश्री, तंबाखू, मावा यांनी हिरड्या सोलवटतात, ते बंद. दात काढताना किंवा हिरडीतून रक्त येईल असं काम करताना अँटिबायोटिक सगळ्यांना लागत नाही. कृत्रिम झडप असलेले, आधी एंडोकार्डायटिस झालेले, अजून निळे असलेले, पॅच किंवा बटण बसवून सहा महिने न झालेले, आणि पॅचच्या लगत गळती राहिलेले, एवढ्यांना लागतं. मोठ्यांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ५० मिलीग्रॅम, कामाच्या आधी ३० ते ६० मिनिटं, एकच डोस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध आहे, पण ते हृदयरोगतज्ज्ञाने आधीच त्या एका पानावर लिहून दिलेलं बरं.

रक्त पातळ ठेवायची गोळी

धातूची झडप असेल तर ॲसिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन आयुष्यभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, किती ठेवायचा ते झडपेच्या जागेवर ठरतं: महाधमनीच्या झडपेसाठी साधारण २ ते ३, मायट्रलसाठी (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) २.५ ते ३.५. आकडा स्थिर असेल तर चार आठवड्यांनी, कोणतंही औषध वाढलं-घटलं तर आठवड्याच्या आत तपासा. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी. विसरली आणि दुसरा दिवस उजाडला, तर दोन एकदम घेऊ नका. वहीत नोंद करा आणि पुढची वेळेवर घ्या.

आकडा हलतो त्याची कारणं बहुधा घरातच सापडतात. जुलाबासाठीचं मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, कोट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर चढतो आणि रक्त वाहायला लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या यांनी उतरतो आणि झडपेवर गुठळी धरते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. कमरेत सुई नको, स्नायूत रक्त साचतं. मेथी, पालक, चाकवत बंद करायची गरज नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच ठेवा. श्रावणात अचानक रोज पालेभाजी सुरू केली की आकडा पडतो. काढा, चूर्ण चालू करायचं असेल तर आधी सांगा. झडपेचा नेहमीचा टकटक आवाज दबल्यासारखा वाटला किंवा अचानक धाप लागली, तर ती गुठळी असू शकते, रात्र घालवू नका.

लहान मूल ॲस्पिरिनवर असताना घरात कांजिण्या किंवा फ्लूची साथ आली तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. या दोन आजारांत ॲस्पिरिनमुळे मुलांच्या यकृताला आणि मेंदूला क्वचित पण गंभीर इजा होते. दरवर्षी फ्लूची लस घेणं त्यासाठीही चांगलं.

तालीम, फुटबॉल, काम

कोल्हापुरात पोरगं तालमीत किंवा मैदानावर जाणारच. सरसकट "याला खेळू देऊ नका" अशी चिठ्ठी आणणं आम्हाला पटत नाही. गरज नसताना बसवून ठेवलेली मुलं लठ्ठ होतात, बुजरी होतात आणि पुढे त्यांचं हृदयही कमजोर राहतं. डॉक्टरांकडून काय चालेल ते नेमकं लिहून घ्या.

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड उचलणं, सायकल, हाताने लोंबकळणं नको. लहान मुलाला काखेत हात घालून उचलू नका, एक हात पाठीखाली आणि एक बुडाखाली घ्या. त्यानंतर एएसडी, व्हीएसडी, पीडीए नीट बंद झालेल्या, दाब नॉर्मल असलेल्या मुलांना तपासणीनंतर बहुतेक सगळे खेळ खुले असतात, कुस्तीसुद्धा. टीओएफवाल्यांनी आधी ट्रेडमिलवरची टीएमटी आणि होल्टर (२४ तास चालू राहणारा ईसीजी) करावा आणि निकालानुसार ठरवावं.

कोआर्क्टेशनचा दाब शिल्लक असेल, महाधमनी फुगलेली असेल किंवा तिची झडप अरुंद असेल तर जोर, डंड, वजन उचलणं आणि कुस्ती टाळायची. श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब कितीतरी वर जातो आणि महाधमनीची भिंत ताणली जाते. चालणं, पोहणं, हलकी सायकल यांना चालते. गुऱ्हाळावर, फाऊंड्रीत किंवा गोदामात रोज वजन उचलायचं काम असेल तर तेही याच हिशेबात धरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुस्ती, कबड्डी नको. पेसमेकर असेल तर छातीवर मार बसेल असा खेळ नको.

जन्मापासून कमी दमात जगलेल्या माणसाला आपला दम घटतोय हे पटकन कळत नाही. तो नकळत चाल मंद करतो. म्हणून रंकाळ्याच्या काठावरचा एक ठरावीक टप्पा निवडा, महिन्यातून एकदा नेहमीच्या वेगाने चाला आणि लागलेला वेळ, थांबे लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांत वेळ सारखा वाढत गेला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

लग्न आणि बाळंतपण

ऑपरेशन लपवून लग्न ठरवणं मुलीच्या जिवावर बेतू शकतं. गर्भारपणात रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्के वाढतं आणि बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास हृदयावरचा भार सर्वाधिक असतो. तेव्हा सासरच्यांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला काहीच माहीत नसणं फार महागात पडतं. खरं तर सांगण्यासारखी गोष्ट बहुधा चांगलीच असते: एएसडी, व्हीएसडी, पीडीए नीट बंद झालेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण इतरांसारखं होतं. टीओएफमध्ये जास्त देखरेख लागते. फाँटान, सेनिंग आणि धातूची झडप यांत धोका बराच वाढतो. फुप्फुसातला दाब खूप वाढलेला असेल तर गर्भारपण टाळावंच, त्यात आईच्या मृत्यूचा धोका मोठा असतो.

दिवस राहण्याआधी तीन-सहा महिने हृदयरोगतज्ज्ञाला भेटा. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या बाळाला घातक असतात, त्या आधीच बदलाव्या लागतात. ॲसिनोकुमारॉल आणि वॉर्फरिनचा पहिल्या तीन महिन्यांत बाळावर परिणाम होऊ शकतो; पण घाबरून स्वतःहून गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन आई दगावू शकते. हा निर्णय डॉक्टरांबरोबर, आधीच. १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा फीटल इको करा. सर्वसाधारणपणे शंभरात एका बाळाला हृदयदोष असतो. आई किंवा वडिलांना दोष असेल तर हे प्रमाण साधारण तीन ते पाच होतं. फाँटान झालेल्या मुलींनी पाळणा लांबवायला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, गुठळीची भीती असते. दुसरा उपाय विचारून घ्यावा.

अठरा पूर्ण होण्याआधी

बारा-तेराव्या वर्षापासून मुलाला स्वतःच्या ऑपरेशनचं नाव तोंडपाठ हवं. पंधराव्या वर्षी तपासणीच्या वेळी पहिले काही प्रश्न डॉक्टर त्याला विचारू देत, आई-बाबांनी मध्ये बोलू नये. सतराव्या वर्षी सध्याच्या डॉक्टरांकडून पुढच्या डॉक्टरांच्या नावाने पत्र घ्या. त्यात पुढची तपासणी कधी आणि कशी, हे लिहिलेलं हवं. शाळेत लक्ष न लागणं, लिखाण हळू असणं, गणितात मागे पडणं हे मोठ्या ऑपरेशनमधून गेलेल्या मुलांत जास्त दिसतं. तो आळस नसतो. शिक्षकांना सांगा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा.

पैशाचं म्हणाल तर बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराला थांबतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठ्यांनाही लागू आहे. रेशनकार्डावर नाव आहे का, आधारशी जुळतं का, हे आत्ताच बघून ठेवा. लग्नानंतर मुलीचं नाव एका कार्डावरून निघतं आणि दुसऱ्यावर चढायला महिने लागतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, झडप बदलणं, बटण, पेसमेकर यांपैकी काय बसतं ते त्यांना आधी विचारा.

एएसडी, व्हीएसडी, पीडीएची नेहमीची तपासणी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात किंवा शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे होऊ शकते. टीओएफ, स्विच, सेनिंग, फाँटान आणि कोआर्क्टेशनसाठी दोन डॉक्टर ठेवा: एक कोल्हापुरातला, ताप, आयएनआर, रात्री-अपरात्रीसाठी, दुसरा पुण्या-मुंबईत जन्मजात दोष बघणारा, वर्षातून एकदा. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा इको, एमआरआय आणि होल्टर एकाच मुक्कामात बसवा आणि रिपोर्टबरोबर चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. पुढच्या डॉक्टरला मागच्या चित्रांशी तुलना करायची असते, नुसत्या कागदावर ती होत नाही.

पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली, धडधड काही मिनिटांत थांबली नाही, थुंकीतून रक्त आलं, एका बाजूची ताकद गेली किंवा आडवं झोपल्यावर धाप लागली, तर १०८ला फोन करा. आपत्कालीन विभागात शिरताच पहिलं वाक्य ऑपरेशनच्या नावाचं असू द्या, आणि मोबाइलमधलं ते एक पान आणि जुना ईसीजी डॉक्टरांच्या हातात द्या.